नाना कोटात आहेत

नानांनी तिसरा मोबाइल वीज कचेरीत नेऊन जमा केला, त्या दिवशी प्राध्यापकांच्या डोक्यात कापडी अँटेनाचा किडा पहिल्यांदा वळवळला.

नानांच्या दृष्टीने मोबाइल जमा करणं हा अगदी सरळ व्यवहार होता. अख्खी नोकरी त्यांनी मीटर रीडर म्हणून काढली होती. निवृत्तीनंतरची बरीच वर्षं ठीक गेली. मग एकेक गोष्ट विसरायला लागली, आणि शेवटी डोक्यात शाबूत उरली ती फक्त नोकरी. रोज सकाळी ते जुना करडा कोट चढवत आणि रीडिंगला बाहेर पडत. खिशात अनोळखी वस्तू हाताला लागली, की ती कचेरीचीच असणार असं धरून खिडकीवर नेऊन देत आणि वर पोच मागत. खिडकीवरचा माणूस बिचारा पोच देतही असे. मोबाइल टिकत नाहीत म्हणून मुलाने, म्हणजे प्राध्यापकांनी, एक महागडं मनगटी घड्याळ बांधून पाहिलं, माणूस कुठे आहे ते सांगणारं. ते नानांनी पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी मीटरपाशी काढून ठेवलं. ते अजून सापडलेलं नाही.

वाटेवरची माणसं नानांना ओळखत. कुणी फाटक उघडून देई, कुणी जिन्याखालचा दिवा लावी. नाना मीटरसमोर ताठ उभे राहून आकडा मोठ्याने वाचत आणि मग घरातल्या माणसाकडे वळून म्हणत, "परत म्हणा." ही त्यांची नोकरीतली पद्धत. वाचणाऱ्याने वाचायचं, घरच्याने परत म्हणायचं, म्हणजे पुढे तक्रार नको. घरच्याने आकडा परत म्हटला की ते समाधानाने मान हलवत आणि पुढच्या घराकडे निघत. प्राध्यापकांची बायको स्वयंपाकघरातून रोज सकाळी हा आकडा परत म्हणायची, हातातलं काम न थांबवता.

अडचण एवढीच होती, की नानांच्या डोक्यातली वाट आणि बाहेरची वाट आता जुळत नव्हती. अर्धी घरं पाडून तिथे इमारती उठल्या होत्या. जुनं घर सापडेना झालं की नाना ते शोधत चालत राहत. एकदा ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत आणि शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून बसलेले सापडले. पायात एकच बूट होता. प्राध्यापकांना पाहून ते म्हणाले, "साहेब, एक घर राहिलंय." पोटच्या पोराला त्यांनी साहेब म्हटलं, ते प्राध्यापकांच्या फार जिव्हारी लागलं.

त्यावर ताई आली. ताई म्हणजे प्राध्यापकांची थोरली बहीण, दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात परिचारिकांची प्रमुख. ती बोलायला लागली की समोरचा आपसूक गादीवर आडवा होईल असा तिचा आवाज.

"मी एक संस्था बघून ठेवलीय," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. माणसं मायेची आहेत. बाग आहे."

"आणि दार?" प्राध्यापकांनी विचारलं.

"दार बंद असतं. त्यासाठीच तर पाठवायचंय."

बंद दाराचा प्रयोग घरी करून झाला होता. बाहेरून कुलूप लावलं, तेव्हा नाना कोट घालून दारापाशी आले आणि आतून दार ठोठावलं. "मीटर रीडिंग," असं दोनदा म्हणाले. कुणी उघडेना, तेव्हा "घर बंद," असं स्वतःशी म्हणून खुर्चीत येऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत, कारण कामाची वेळ संपलेली नव्हती. पुढे काही दिवस हेच. मग एका सकाळी त्यांनी कोटच घातला नाही, आणि हाक मारली तर मानही वळवली नाही. ते पाहून बायकोनेच कुलूप काढलं आणि ते माळ्यावर फेकलं.

"ताई, ते कुलपात जगणार नाहीत," प्राध्यापक म्हणाले.

"आणि रस्त्यावर जगतील?" ताईने विचारलं. शेवटी तिने मुदत दिली. "महिनाअखेरीला मी येते. नाना कुठे आहेत हे तू मला घरबसल्या दाखवलंस, तर नाना इथे. नाही दाखवलंस तर मी त्यांना घेऊन जाणार, आणि तू मधे एक अक्षर बोलायचं नाहीस."

आता प्राध्यापकांविषयी थोडं सांगायला हवं. ते उंच, वरून वाकलेले आणि मधे जरा सुटलेले असे गृहस्थ होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात ते अँटेना हा विषय इतकी वर्षं शिकवत होते, की पोरांनी त्यांचं नावच एरियल ठेवलं होतं. फळ्यावर त्यांनी जगातली प्रत्येक अँटेना काढली होती. प्रत्यक्षात एकही केलेली नव्हती. घरातल्या टीव्हीला चित्र येत नसे तेव्हा ते दुकानदाराला बोलावत आणि तो आला की बाहेर फेरी मारायला जात. त्यामुळे "मी अँटेना करतो" हे वाक्य त्यांनी जेवताना उच्चारलं, तेव्हा बायकोने आमटीची वाटी खाली ठेवली.

कल्पना तशी खोटी नव्हती. अँटेना म्हणजे कांबच असली पाहिजे असं काही नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं कापड मिळतं, दिसायला पडद्याच्या अस्तरासारखं आणि हाताला किंचित गार. ते योग्य मापात कापलं तर कांबेचंच काम करतं. ते कोटाच्या पाठीत शिवायचं, त्याला बटणाएवढं यंत्र जोडायचं, आणि नानांच्या वाटेवर ठिकठिकाणी ऐकणारे डबे लावायचे. नाना ज्या डब्याजवळून जातील तो डबा घरच्या संगणकाला कळवणार. कोट मात्र नाना कुठेच जमा करणार नव्हते, कारण तो त्यांना रीतसर मिळालेला होता. हाडाची बटणं, कापडी पट्टा, धातूचा कुठे कण नाही, असा तो खास रीडर लोकांसाठी शिवलेला कोट. निवृत्त होताना परत मागितला होता तेव्हासुद्धा त्यांनी दिला नव्हता.

शिवणयंत्र बायकोचं. ती ग्रंथालयात नोकरीला, आणि फाटलेली पुस्तकं आणि फाटलेले कपडे दोन्ही सारख्याच शांतपणे जोडणारी. प्राध्यापकांनी तिला मिलिमीटरच्या दशांशात मापं सांगितली.

"अहो, कापड आहे हे," ती म्हणाली. "ओढलं की वाढतं. दशांश कुठे बसवू?"

"गणितात बसलाय."

"मग गणितालाच शिवायला सांगा."

तरीही तिने शिवलं. कोट दाराच्या मागे टांगला, प्राध्यापक डबा घेऊन पार रस्त्याच्या टोकाला गेले, आणि तिथेही कोटाचा आवाज खणखणीत येत होता, म्हणजे डब्यावरचा दिवा हिरवा होता. घरी येऊन त्यांनी संसारात पहिल्यांदाच बायकोशी हस्तांदोलन केलं. मग कोट नानांना घातला, आणि दिवा विझला. कोट काढला, दिवा लागला. घातला, विझला.

"शरीरात पाणी असतं ना," प्राध्यापक म्हणाले, "ते सगळं शोषून घेतं. वर अँटेनाची जागाच सरकते. पुस्तकात आहे हे."

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "नाना कोटात नसले, तर ते कुठे आहेत हे आपल्याला कळणार."

हे बोलणं प्राध्यापकांना लागलं. त्यांनी तिला तसं सांगितलंही.

मग उपायांची रांग लागली. कापडाखाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घातला, तर दिवा लागला, पण नानांच्या पाठीवर उशी बांधल्यासारखं दिसू लागलं. नानांनी कोट काढून घडी केली आणि म्हणाले, "हिवाळी गणवेशाचं वाटप अजून झालेलं नाही." नमदा पातळ केला. मग यंत्राचा जोड घामाने गंजला. जोड मेणाने बंद केला, तर इस्त्रीवाल्याने त्यावरून इस्त्री फिरवली आणि मेण त्याच्या टेबलावर उतरलं. प्राध्यापकांनी कोट स्वतः अंगात घालून चाचणी घ्यायचं ठरवलं आणि तसेच वर्गात गेले. मागून एक तार लोंबत होती. तास संपेपर्यंत ते फळ्याकडे वळले की सगळा वर्ग खोकायचा. प्राचार्यांनी बोलावून काळजीने विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

घरी काही ठीक नव्हतं, कारण आता डबे लावायची वेळ आली होती आणि डबे लोकांच्या भिंतींवर लावायचे होते. भिंत म्हटली की माणूस बदलतो. वर्षानुवर्षं नानांना फाटक उघडणारी माणसं खिळ्याचं नाव काढताच विचारात पडली. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, की खिळा ठोकायला हरकत नाही, पण तो सभेपुढे ठेवावा लागेल. सभेत खिळा बाजूला राहिला आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या हातावर फोन नंबर गोंदवून टाका. कुणी म्हणालं, लाल रंगाचे कपडे घाला, लांबून दिसतात. एका गृहस्थांनी अगदी मनापासून सुचवलं, की गळ्यात घुंगरू बांधा, आमच्या बोक्याला बांधलंय. प्राध्यापक हसले, कारण सभेत दुसरं काही करता येत नाही, आणि घरी येऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र दाराशेजारी डबा लावू दिला. दोनच दिवसांत त्या वर आल्या. "तुमच्या त्या लहरींनी माझं डोकं उठलंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." प्राध्यापकांनी सांगितलं, की काकू, डबा अजून रिकामा आहे, आत काही बसवलेलंच नाही. काकू म्हणाल्या, "मग बसवल्यावर काय होईल याचा विचार करा." कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने वेगळीच अट घातली, की भिंतीला जिथे तडा गेलाय तिथेच डबा लावायचा, म्हणजे तडा झाकेल. तिथे संदेश नीट पोचत नव्हता. तरी डबा तिथेच लागला.

एवढ्यात सेक्रेटरींना शंका आली, की हवेतून संदेश पाठवायला सरकारी परवाना लागत असेल. लागत नसावा अशी प्राध्यापकांना जवळजवळ खात्री होती, आणि जवळजवळ खात्री असलेल्या माणसाने कचेरीत जाऊ नये. ते गेले.

"वस्तू काय आहे?" कारकुनाने विचारलं.

"कोट."

"कोटाला परवाना लागत नाही."

"त्यात अँटेना आहे."

"मग ते यंत्र झालं. यंत्राचं वजन, आकार, बसवण्याची जागा?"

"बसवायची नाही. नाना घालतात."

कारकुनाने पेन ठेवलं. यंत्र घालता येत नाही आणि कपडा प्रक्षेपण करत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते ऐकायला बिनतोड वाटत होतं. प्राध्यापकांनी आपण हाच विषय शिकवतो असं सांगितलं. "मग तर तुम्हाला नियम माहीत असायला हवेत," कारकून म्हणाला. शेवटी ठरलं, की कोट घालणाऱ्या व्यक्तीला समक्ष आणावं.

समक्ष आणलेले नाना कचेरीच्या दारातच उजवीकडे वळले, कारण तिथे मीटर होता. त्यांनी आकडा वाचला. "परत म्हणा," ते कारकुनाला म्हणाले. कारकुनाने गोंधळून परत म्हटला. त्या दिवसात त्या कचेरीत पार पडलेलं हे बहुधा एकमेव काम. पण मग नाना खाली वाकले आणि म्हणाले, "सील तुटलंय. कुणी तोडलं?" सगळ्या माना फायलींत गेल्या. साहेब आतून बाहेर आले. नाना त्यांना ते सील किती गंभीर प्रकरण आहे हे समजावत राहिले आणि प्राध्यापक त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढत राहिले. अर्ज विचाराधीन असल्याचं नंतर कळवण्यात आलं. विचार कसला चालला असेल हे प्राध्यापकांना दिसत होतं.

महिनाअखेर जवळ आली. नमदा नको, जाडी नको आणि दिवा तर लागला पाहिजे, अशा पेचात प्राध्यापकांना अखेर एक गोष्ट सुचली, आणि ती खरंच चांगली होती. शरीराने अँटेना सरकते ना, तर मग शरीरावरच जुळवायची. खुंटीवर नाही, नानांच्या पाठीवर. त्यांच्या हाडांना, त्यांच्या त्या कमी झालेल्या मांसाला, त्यांच्या उभं राहण्याच्या ढबीला धरून. एका दुपारी त्यांनी नानांना खोलीच्या मधोमध उभं केलं. नानांना वाटलं गणवेशाची तपासणी आहे. ते खांदे मागे, छाती पुढे असे उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. प्राध्यापक पाठीमागे कात्री घेऊन कापडाची कड दोऱ्या दोऱ्याने छाटत होते, आणि बायको पडद्यावर बघून सांगत होती. पडद्यावर एक रेघ होती, तिच्याखाली आकडे होते, अँटेना ज्या आकड्यावर जुळे तिथे रेघेला एक खड्डा होता, आणि तो खड्डा कापड छाटेल तसा सरकत होता.

"अजून थोडा. अजून. बास."

बायकोने उठून नखाला लावायचा लाल रंग आणला आणि खड्डा जिथे थांबला तिथे पडद्यावरच एक ठिपका दिला. "हे नाना," ती म्हणाली.

नानांनी हात मागे नेऊन कोटाची पाठ चाचपली. बोटं बराच वेळ कापडावर फिरली. "यात तार आहे," ते म्हणाले.

"नाही नाना. अस्तर आहे."

"अस्तर गार नसतं." नानांनी मुलाकडे पाहिलं. "आणि तू ताठ उभा राहा. केव्हापासून सांगतोय."

त्या एका वाक्यापुरते ते मुलाला ओळखत होते. प्राध्यापक इतके हरखले की आधीचं वाक्य त्यांनी कानाआड केलं.

ताई आली. गल्लीत चाचण्या झाल्या होत्या, प्राध्यापक नानांचा कोपर धरून त्यांच्याबरोबर भरभर चालले होते आणि प्रत्येक डबा बोलला होता. आज नाना एकटे जाणार होते. कोट चढवून, घरचा आकडा वाचून, सुनेकडून परत म्हणवून घेऊन ते निघाले. पडद्यावर फाटकाचा डबा लागला. मग काकूंचा. मग औषधवाल्याचासुद्धा, तडा असूनही. कोटातलं यंत्र तो खड्डाही मोजून डब्यामार्फत घरी कळवत होतं, आणि प्रत्येक वेळी लाल ठिपक्यावर खड्डा अचूक बसत होता. ताई चहाचा कप हातात धरून बघत होती आणि चहा निवत होता.

"खरंच दिसतंय रे," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच दवाखान्याबाहेरचा वाटला. "मला वाटलं होतं तू नुसताच शिकवतोस."

प्राध्यापकांनी काही बोलायला तोंड उघडलं, आणि पडद्यावरचा खड्डा उजवीकडे सरकला. एकदम, झोकांडी खाल्ल्यासारखा, आणि तिथेच राहिला. डबा तोच होता, जुन्या चार मजली इमारतीचा. कोट जागेवर होता, बोलत होता, आवाज तर आधीपेक्षा मोठा होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"कोट तिथेच आहे," प्राध्यापक म्हणाले. "नाना कोटात नाहीत."

तिघंही धावत गेले. जिन्याखाली मीटरांची खोली होती, आणि तिथे वाचायला पेटी उघडावी लागे. बाहेरच्या कठड्यावर कोट नीट घडी करून ठेवलेला होता. त्याच्यावर नानांचा चष्मा होता, धातूच्या काड्यांचा. शेजारी लग्नातली अंगठी. मीटरच्या पेटीला हात लावण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढून ठेवायचा, हा नानांचा नोकरीतला पहिला नियम. लहानपणी त्यांनी प्राध्यापकांच्या गळ्यातली साखळीसुद्धा काढायला लावली होती, घरातला फ्यूज बघायला जवळ घेण्याआधी. मनगटी घड्याळही त्यांनी तसंच काढलं होतं, आणि त्यातून घरातल्या एकाही शिकल्यासवरलेल्या माणसाला काही कळलं नव्हतं. रीडिंग घेऊन बाहेर आल्यावर, चष्म्याशिवाय, त्यांना कोट दिसला नसावा. ते तसेच पुढच्या घराकडे निघाले होते.

पुढचं घर उरलेलं नव्हतं. तिथे इमारतीचा पाया खणलेला होता. खड्ड्याच्या तळाशी, लोखंडी गजांच्या शेजारी, नाना बसले होते. हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला होता. वर उभ्या असलेल्या तिघांकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "इथला मीटर कुणी काढून नेला?"

ताईने दवाखान्यात सगळं सांभाळलं. हात जोडला, बरगड्या बांधल्या, कागद भरले. प्राध्यापक एक अक्षर मधे बोलले नाहीत. तसं ठरलंच होतं. नानांना संस्थेत पोचवलं त्या दिवशी त्यांनी एवढंच मागितलं, की कोट नानांजवळ राहू द्यावा आणि एक डबा तिथल्या भिंतीला लावू द्यावा. तिथल्या मुख्य बाईंनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. "लावा की," त्या म्हणाल्या. इतक्या सहज मिळालेल्या परवानगीचं काय करायचं ते प्राध्यापकांना कळेना. ते हातात खिळा घेऊन उभेच राहिले.

नाना तिथे मुकाट बसून राहतील अशी सगळ्यांना भीती होती. पण झालं भलतंच. त्या इमारतीच्या लांब बोळात सगळ्या खोल्यांचे मीटर बंद पेट्यांत एका रांगेत होते. रोज सकाळी घरी पडद्यावरचा खड्डा लाल ठिपक्यावरून उठून उजवीकडे जायचा. म्हणजे नानांनी कोट काढून कठड्यावर ठेवला, एक हात बांधलेला म्हणून दुसऱ्या हाताने, वेळ घेत. थोड्या वेळाने तो परत ठिपक्यावर यायचा. म्हणजे वाचन झालं, कोट अंगात गेला. प्राध्यापक ते बघूनच कामाला निघत. तो परत येईपर्यंत मोजे हातात धरून बसत. एकदा मधल्या वारी खड्डा उजवीकडे गेला तो दुपारपर्यंत आलाच नाही. प्राध्यापक तास सोडून, घाम पुसत संस्थेत पोचले, तर कोट दोरीवर वाळत होता आणि नाना बागेत बसून पाणी पीत होते. मुख्य बाई म्हणाल्या, "अहो, कपडे धुवायचे असतात." त्यानंतर धुण्याच्या दिवशी त्या आधी फोन करत.

परवाना कचेरीतून पत्र आलं, की सदर वस्तू यंत्र नसून वस्त्र ठरत असल्याने परवान्याची गरज नाही, तरी वापरणाऱ्याची पुन्हा एकदा समक्ष पाहणी करावी लागेल. बायकोने पत्र वाचलं आणि ओट्याजवळच्या खिडकीच्या फटीत घडी करून खुपसलं. तिथून वारा येत असे.

एके दिवशी खड्डा नेहमीसारखा उजवीकडे गेला. प्राध्यापक मोजे घेऊन बसले.

"आज धुणं आहे का हो?" बायकोने विचारलं.

"नाही."

ती हात पुसत बाहेर आली आणि शेजारी बसली. खड्डा उजवीकडेच राहिला. प्राध्यापकांनी फोनकडे पाहिलं, पण उचलला नाही. फोन वाजला तेव्हा पलीकडून मुख्य बाई काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "कोट कठड्यावर आहे ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "घडी करून ठेवलाय. तिथेच मीटरसमोर बसले होते. आम्हाला वाटलं दमलेत. तुम्हाला कसं कळलं?"

ताई आली, रडली, सगळ्यांना कामं वाटून दिली आणि परत गेली. जाताना म्हणाली, "त्यांना रोजची फेरी तरी मिळाली रे." प्राध्यापकांनी मान हलवली. माणसं येऊन गेली. तळमजल्यावरच्या काकू पायरीवर बसून बराच वेळ रडल्या, आणि उठताना म्हणाल्या, की त्यांच्या दाराशेजारचा डबा काढू नका, असू दे.

कोट घरी आला आणि दाराच्या मागे टांगला गेला. पडदा बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. खड्डा उजवीकडे, ठिपका डावीकडे, मधे रिकामी रेघ.

मग एका सकाळी प्राध्यापक कामावर जायला निघाले, थांबले, आणि त्यांनी तो कोट अंगात घातला. पाठीत तो आवळत होता. खड्डा हलला, डावीकडे आला, ठिपक्यापाशी पोचला आणि ठिपका ओलांडून पुढे गेला. त्यांचं अंग जास्त भरलेलं होतं आणि पाठ वाकलेली, कापड अंगाला घट्ट चिकटलं होतं. त्यांनी श्वास सोडून पाहिला. पोट आत घेऊन पाहिलं. खड्डा थोडा मागे यायचा आणि पुन्हा घसरायचा. घामाने त्यांचा चष्मा निसटू लागला.

मग ते खोलीच्या मधोमध आले, जिथे त्या दुपारी नानांना उभं केलं होतं. खांदे मागे घेतले, छाती पुढे काढली, मान वर केली. पाठीवरचं कापड सैल पडलं. खड्डा सावकाश मागे आला आणि लाल ठिपक्यावर थांबला.

प्राध्यापक हलले नाहीत. ठिपक्याखालचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. नळ बंद झाला. मग स्वयंपाकघरातून बायकोने तो आकडा परत म्हटला.